तालुका हवा, पण ग्रामसभेचा जीव घेऊन नको

मोलगी अजून गावच आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी बाजाराच्या दिवशी इथल्या रस्त्यावरून शंभर पावलं चालून दाखवावीत. डाब, काठी, भगदरीपासून खाली नर्मदेकाठच्या मणिबेली-चिमलखेडीपर्यंत नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातला सगळा डोंगर या एका ठिकाणी येतो. मीठ-तेल इथे, कापड इथे, बियाणं इथे, दवाखाना इथे, पोलीस ठाणं इथे, बँक इथे आणि गुजरातच्या ऊसतोडीला नेणारी गाडीही इथेच. सरकारच्या लेखी मात्र हे एका ग्रामपंचायतीचं गाव. पैसा गावाच्या मापाचा, पाणी गावाच्या मापाचं, गटारं गावाच्या मापाची आणि वापरणारी माणसं मोठ्या बाजारपेठेची. मोलगीचं शहर होतंय. कुणी आखलेलं नसताना होतंय. आणि ज्यांच्या येण्याजाण्यामुळे ते होतंय, त्यांना पुढच्या वीस वर्षांत इथे काय पाहिजे, हे विचारायला आमच्या पाड्यांवर कुणी चढून आलेलं नाही.

विचारायला येत नाहीत, पण आमच्याविषयी ठरवायला सगळे येतात. देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिलं गेलं. २०१८ मध्ये नंदुरबारचं नाव आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलं. मोलगीजवळचं भगदरी राज्यपालांचं दत्तक गाव झालं. नोंद झाली, यादी झाली, दत्तकविधानही झालं. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत याच जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं कमी वजनाची निघाली. आम्हाला दत्तक जायचं नाही. आमच्या गावांना देव आहेत, कारभारी आहेत, मतदार यादी आहे, आणि राज्यघटनेची पाचवी अनुसूची आहे. दत्तक मूल घेतात, नागरिक नव्हे.

राज्याने २०१५ मध्ये ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा कार्यक्रम आणला तेव्हा सांगितलं गेलं की वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला मिळेल आणि लोक बसून आपला आराखडा आपणच करतील. डोंगरातल्या ग्रामपंचायतींत हा आराखडा कसा होतो, ते आम्ही वर्षानुवर्षं पाहतो आहोत. संगणकावर मागच्या वर्षीची फाईल उघडायची, कामांची नावं पुढेमागे करायची, नोंदवहीवर आधी सह्या-अंगठे घ्यायचे आणि ठराव नंतर लिहायचा. काम निवडलं जातं ते ठेकेदाराला सोयीचं. पेव्हर ब्लॉक, प्रवेशद्वार, सभामंडप, धड असलेल्या रस्त्यावर पुन्हा काँक्रीट. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या कुठल्या बाईने प्रवेशद्वार मागितलं होतं? तिने मागितलेलं एकही काम त्या यादीत का नाही? याचं उत्तर देण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, सरपंचावर आहे, सदस्यांवर आहे आणि पाटी लावायला येणाऱ्या आमदार-खासदारांवर आहे. त्यातले बहुतेक आमच्याच समाजाचे आहेत. समाजाचे आहेत म्हणून त्यांना सोडून द्यावं, असं मला मुळीच वाटत नाही.

कायदा तर आमच्या बाजूने इतका स्पष्ट आहे की त्याचं पालन न करणं हा सरळ गुन्हा समजला पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा सांगतो की विकासाची कोणतीही योजना राबवण्याआधी ग्रामसभेने ती मंजूर केलेली असली पाहिजे, लाभार्थी ग्रामसभेने निवडले पाहिजेत आणि पैसा खर्च झाल्यावर तो ठरल्याप्रमाणे झाला असं प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घेतलं पाहिजे. महाराष्ट्राने त्याचे नियम करायला २०१४ पर्यंत वेळ लावला. अठरा वर्षं! त्यानंतर आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येऊ लागला. पैसा आला, कायदा आला, नियम आले. आली नाही ती फक्त खरीखुरी ग्रामसभा.

तर मग मोलगीला काय पाहिजे, ते आता मीच मांडतो. चुकीचं असेल तर ग्रामसभेत उठून खोडावं.

सगळ्यात आधी पाणी. सातपुड्यात पाऊस कमी पडत नाही. पडतो आणि उतारावरून नाल्यांतून नर्मदेकडे, तापीकडे धावत सुटतो. मार्च उजाडला की झरे आटायला लागतात. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं तेव्हा २०२४ पर्यंत प्रत्येक घरात नळ देण्याचं वचन होतं. ती मुदत आता २०२८ वर गेली आहे. मुदत वाढवणाऱ्यांच्या घरी नळ असतो, म्हणून त्यांना मुदत वाढवणं सोपं जातं. पण मोलगीचा प्रश्न नुसत्या नळाने सुटणारा नाही. या योजनेचं गणित दरडोई ५५ लिटरचं आहे आणि दरडोई म्हणजे गावात नोंदलेल्या माणशी. बाजाराला येणारे हजारो, रुग्णालयात रुग्णाजवळ बसलेले नातेवाईक, वसतिगृहातली मुलं, यांची गणती त्यात धरली नाही, तर योजना कागदावर पूर्ण होईल आणि टाकी दुपारीच रिकामी पडेल. ज्या गावात रोज बाहेरची माणसं येतात त्याची पाणीयोजना त्या माणसांना मोजूनच केली पाहिजे. शिवाय नळाआधी उगम बघा. ज्या झऱ्यांवर आणि नाल्यांवर मोलगी उभी राहिली, त्यांच्या वरच्या अंगाला झाडी राहिली पाहिजे आणि नाल्याच्या पात्रात दुकानाचा पाया पडता कामा नये. आज बाजारपेठेत जागेला भाव आहे म्हणून नाला आवळला जातो आहे. ज्याने आवळला तो कितीही मोठा व्यापारी असो, त्याचं बांधकाम हटलंच पाहिजे.

आणि पाण्याच्या गोष्टी आम्हाला शिकवायला येणाऱ्यांनी एक आठवण ठेवावी. सरदार सरोवरासाठी महाराष्ट्रातली ३३ गावं बुडाली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. मणिबेलीत १९९३ मध्ये पाणी शिरलं. ते पाणी पुढे कालव्याने कच्छपर्यंत गेलं. ज्यांच्या घरांवरून ते गेलं त्यांच्या उरलेल्या भावकीच्या पाड्यांत आजही बाया उन्हाळ्यात खड्ड्यातलं पाणी वाटीने भरतात. या एका अन्यायापोटी सुद्धा मोलगी परिसराची पाणीयोजना राज्यात पहिल्या क्रमांकावर यायला हवी होती.

दुसरी गोष्ट घाट आणि रुग्णालय. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मोलगीत ग्रामीण रुग्णालय आहे. ग्रामीण रुग्णालय म्हणजे सरकारी मापाने ३० खाटा. वर म्हटलेल्या सगळ्या डोंगराची बाळंतपणं, सर्पदंश, कुपोषित मुलं, गाडी उलटून जखमी झालेले, सगळे तिथेच. तिथे भागलं नाही की रुग्ण खाली पाठवायचा, आणि खाली म्हणजे देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, तिथून पुढे तळोदा, नंदुरबार. पाड्यापासून रस्त्यापर्यंत झोळीत, रस्त्यापासून मोलगीपर्यंत मिळेल त्या जीपमध्ये, आणि मोलगीपासून पुढे घाटातून. अडलेल्या बाईने हा प्रवास करावा अशी व्यवस्था आपण इतकी वर्षं चालवतो आणि तिच्या मरणाला ‘दुर्गमता’ असं नाव देतो. डोंगर कुणाला मारत नाही. भूलतज्ज्ञ नसतो म्हणून बाई मरते, रक्ताची पिशवी नसते म्हणून मरते. मोलगीला शंभर खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, तिथे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रक्तसाठा केंद्र आणि डॉक्टर-परिचारिकांना कुटुंबासह राहता येईल अशी घरं पाहिजेत. घरं मी मुद्दाम म्हणतो. राहायला जागा नाही, मुलांना शाळा नाही, नेटवर्क नाही, अशा ठिकाणी नेमणूक होते आणि सहा महिन्यांत बदली करून घेतली जाते. नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. त्याचे तज्ज्ञ डोंगरावर पाळीने येऊन राहणार नसतील, तर ते महाविद्यालय आमच्यासाठी झालं असं कुणी म्हणू नये.

घाटाचं म्हणाल, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये दिवाळीच्या सुट्टीनंतर आश्रमशाळेत परतणाऱ्या मुलांची बस देवगोई घाटात दरीत कोसळली आणि दोन मुलं गेली. त्याच्या काहीच आठवडे आधी चांदशैली घाटात अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्यांची गाडी कोसळून माणसं गेली होती. प्रत्येक वेळी पुढारी येतात, मदतीचा आकडा सांगतात आणि जातात. कठडा कुठे पाहिजे, वळण कुठे मोठं केलं पाहिजे, पावसाळ्यात दरड कुठे येते, हे रोज जीप चालवणाऱ्या पोरांना तोंडपाठ आहे. त्यांना एका खोलीत बसवून नकाशावर खुणा करून घ्यायला किती खर्च येतो? रस्त्याच्या अंदाजपत्रकात त्यांचं एक वाक्यही नसतं. मुलांची ने-आण एसटीनेच झाली पाहिजे, आणि ती शासनाची जबाबदारी आहे. टपापर्यंत भरलेल्या खासगी गाड्यांवर ती ढकलून शासनाला मोकळं होता येणार नाही.

आता बाजार. माझ्या मते मोलगीच्या भविष्याचं मर्म इथे आहे आणि सगळ्यात कमी विचार याच गोष्टीचा झाला आहे. पेसा कायदा गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला देतो. गौण वनोपजाची मालकीही देतो. सावकारीवर नियंत्रणही देतो. तीन अधिकार एकाच कायद्यात, आणि तिन्हींची गरज एकाच जागी, मोलगीच्या बाजारात. उन्हाळ्यात डोंगरातली घरंच्या घरं कैऱ्या चिरून वाळवतात. आमचूर करणं म्हणजे बायकांच्या हातांची सालं निघण्याचं काम. वळवाचा एक पाऊस आला की माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. पक्के ओटे नाहीत, साठवायला गोदाम नाही, म्हणून जो भाव मिळेल त्याला पोतं रिकामं करावं लागतं. महू, चारोळी, भगर, सीताफळ, सगळ्यांची हीच गत. व्यापाऱ्याचा काटा, व्यापाऱ्याचा भाव, व्यापाऱ्याची उचल. पैसे दिवाळीआधी घेतलेले असतात आणि माल उन्हाळ्यात द्यायचा असतो, मग भाव कोण बोलणार? गावाने इथे काट्याची तपासणी करावी, वाळवणीचे ओटे बांधावेत, गोदाम बांधावं, महिला गटांना त्याच गोदामाच्या पावतीवर उचल मिळावी. ही कामं अबंध निधीत बसतात. यातलं एकही काम अशक्य नाही.

आणि बाजारात एक गोष्ट तातडीने, उद्याच्या उद्या व्हावी: बायकांसाठी स्वच्छतागृहं, पाणी असलेली, कडी असलेली, रोज झाडली जाणारी. पहाटे घरून निघून संध्याकाळी परतणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. याची लाज ज्या पुढाऱ्याला वाटत नाही त्याने मोलगीच्या विकासाबद्दल तोंड उघडू नये. बाजारतळावर सावलीचे मांडव, मटण-मासळीच्या जागेला पाण्याचा निचरा, जनावरांच्या जागेला वेगळी बाजू, गाड्यांना थांबायला रस्त्याबाहेर जागा, एवढं झालं तरी मोलगीचा श्वास मोकळा होईल. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला तर आसपासचे सगळे पाडे ढोल घेऊन येतात. तेव्हा माणूस माणसाला चिकटून उभा असतो. भोंगऱ्याची आणि होळीची जागा कायमची राखून ठेवा, सात-बाऱ्यावर तशी नोंद करा. काठीच्या राजवाडी होळीचे फोटो पर्यटनाच्या पत्रकांवर छापायचे आणि इथे ढोल घेऊन उभं राहायची जमीन गाळ्यांसाठी द्यायची, हा दुटप्पीपणा आम्ही चालू देणार नाही.

जागा कुठून आणायची, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: वनखात्याची अडचण आहे. हे उत्तर खोटं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, पाण्याची टाकी, रस्ता, समाजमंदिर अशा तेरा प्रकारच्या कामांसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. पुन्हा ग्रामसभा! ज्या अधिकाऱ्याने वनखात्याचं नाव पुढे करून फाईल बाजूला ठेवली, त्याने आधी ग्रामसभेचा ठराव मागितला होता का, हे विचारा. बहुतेक वेळा फाईल ठेवायला कारण हवं असतं, म्हणून ते सांगितलं जातं.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्यावर येतो. मोलगी वेगळा तालुका व्हावा, ही डोंगरातली जुनी मागणी आहे आणि ती शंभर टक्के रास्त आहे. एका दाखल्यासाठी अक्कलकुवा, प्रांत आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयासाठी तळोदा, जिल्हाधिकाऱ्यांसाठी नंदुरबार. मजुरी बुडवून, भाडं घालून नर्मदेकाठच्या माणसाने तिथे पोहोचायचं आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकून परत चढायचं. हे थांबलं पाहिजे. पण तालुक्याच्या घोषणा देणारे जे सांगत नाहीत ते मी सांगतो. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत करायची, असं धोरण या राज्याने २०१४ मध्ये घेतलं. शेजारी धडगाव, वडफळ्या आणि रोषमाळ मिळून नगरपंचायत झालीच. आणि पेसा कायदा फक्त पंचायतींना लागू आहे. नगरपंचायत झाली की त्या हद्दीत ग्रामसभा राहत नाही. बाजारावरचा अधिकार गेला, योजना मंजुरीचा अधिकार गेला, खर्चाचं प्रमाणपत्र गेलं, अबंध निधीचा हक्क गेला. पेसात सरपंच आदिवासीच असतो. नगराध्यक्षपद आरक्षणाच्या फेऱ्यात फिरतं. सतरा प्रभाग होतात, सतरा नगरसेवक होतात, आणि पाड्यातल्या माणसाला हात वर करून ‘हे काम नको’ म्हणायची जागाच उरत नाही.

नगरपालिकांची घटनादुरुस्ती करणाऱ्यांना हा धोका दिसला नव्हता असं नाही. कलम २४३-झेडसी सांगतं की नगरपालिकांविषयीचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. संसदेने अपवाद आणि बदल ठरवून कायदा करावा. भूरिया समितीने १९९५ मध्ये शहरी भागासाठीही अहवाल दिला. २००१ मध्ये विधेयक मांडलं गेलं आणि पडून राहिलं. त्यानंतर दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. एकालाही आदिवासी भागात वाढणाऱ्या छोट्या शहरांसाठी हा कायदा करावासा वाटला नाही. नवी शहरं मात्र होत राहिली.

नगरपंचायतीला निधी जास्त मिळतो, अभियंता मिळतो, मुख्याधिकारी मिळतो, अग्निशमन मिळतं, असं सांगितलं जाईल. खरं आहे, मिळतं. पण त्यासाठी ग्रामसभेचा जीव का द्यायचा? बाजारपेठेच्या गावाला जादा निधी आणि अभियंता द्यायला ग्रामपंचायत आड येते, असं कुठल्या कायद्यात लिहिलं आहे? केरळने १९९६ मध्ये आपल्या योजना-खर्चाचा तिसरा हिस्सा आणि त्याहूनही अधिक स्थानिक संस्थांकडे सोपवला, ग्रामसभांतून आराखडे करून घेतले आणि आराखडा तपासायला निवृत्त अभियंते, शिक्षक, बँक कर्मचारी गोळा केले. महाराष्ट्रात निवृत्त अभियंत्यांचा दुष्काळ नाही. मोलगी तालुका करताना शासनाने लिहून द्यावं की इथली ग्रामसभा कायम राहील. तसं लिहून देत नसतील, तर तालुक्याच्या मागणीवर सही करण्याआधी प्रत्येक पुढाऱ्याने लोकांना हे उघड सांगावं. लोकांपासून हे लपवून मिरवणुका काढणं ही फसवणूक आहे.

एक अडचण आमच्या बाजूचीही आहे आणि तिचा उपाय शासनाच्या हातात आहे. दिवाळी झाली की पाड्यांतली कर्ती माणसं गुजरातेत ऊसतोडीला, मजुरीला जातात. मग जानेवारीत २६ तारखेला ग्रामसभा होते, आणि आराखड्यावर म्हाताऱ्यांचे अंगठे उमटतात. ही ग्रामसभा म्हणजे गैरहजर गावाच्या नावाने केलेला कारभार आहे. मोलगी परिसराचा आराखडा दिवाळीआधी, पाड्यापाड्यावर, भिलोरीत आणि पावरीत बोलून झाला पाहिजे. पेसाचे नियम पाड्याला स्वतःचं गाव जाहीर करून वेगळी ग्रामसभा घ्यायचा हक्क देतात. तो वापरा.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. मोलगी, काठी, डाब, भगदरी, सगळ्या पाड्यांना माझी विनंती आहे: त्या दिवशी या, बायकांना पुढे बसवा, आणि आराखड्यातलं प्रत्येक काम व त्याची रक्कम मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय नोंदवहीवर सही करू नका, अंगठा देऊ नका. पाणी, रुग्णालय, घाट, बाजार आणि ग्रामसभा कायम ठेवणारा तालुका, असा ठराव आपल्या तोंडून सांगा, तो तिथेच लिहून घ्या आणि त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका.